ओकापीला आवतण

ओकापी पाहायचा असेल तर मध्य आफ्रिकेच्या दाट पर्जन्यवनात जावं लागतं, आणि इतक्या लांब गेलेल्यांनाही तो सहसा दिसत नाही. नाहीतर मग वडीगोद्रीहून शहागडकडे निघायचं. डाव्या हाताला पंक्चरचं दुकान लागतं, त्याच्यापुढे रसवंती, आणि रसवंतीला लागून आमचं निसर्गसंग्रहालय. हे ऐकून लोक हसतात. हसू द्या. मी तिथली संग्रहपाल आहे आणि ओकापी माझ्या ताब्यात आहे, त्यामुळे मला कुणाच्या हसण्याने काही फरक पडत नाही.

संग्रहालय काढलं ते आमच्या सरांनी. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर हायवेला लागून असलेल्या वडिलोपार्जित जमिनीत हे बांधलं. गावातला प्रत्येक शहाणा माणूस त्यांना सांगून थकला की सर, मंगल कार्यालय बांधा, लग्नसराईत उसंत मिळणार नाही. सर ऐकत राहिले आणि गोरिला मागवत राहिले. आता आमच्याकडे तिकीट काढणाऱ्यांतले निम्मे लोक खरं तर बाथरूम शोधत आलेले असतात. बाथरूम मागच्या बाजूला आहे आणि तिकडे जायचा रस्ता मुद्दाम आफ्रिकेतून काढलेला आहे. घाईने जाताना कुणी काही बघत नाही, पण परत येताना माणसाचा जीव शांत झालेला असतो, मग तो थांबतो.

आफ्रिकेच्या दालनात प्लॅस्टिकची झाडं आहेत, पक्ष्यांच्या आवाजाची टेप आहे आणि लाइट असली तर धुकं सोडणारं एक मशीनही आहे. भर उन्हात ट्रक थांबवून आलेले ड्रायव्हर त्या धुक्यात डोळे मिटून उभे राहतात आणि छान आहे म्हणतात. बाँगो नावाचं पट्ट्यापट्ट्यांचं हरीण आहे, रंगीत पार्श्वभागाचं ड्रिल माकड आहे, अंगभर खवले असलेलं मोठं खवल्या मांजर आहे, कांगोचा मोर आहे. ही सगळी मंडळी फायबरची. ओकापी मात्र खरा. म्हणजे कधीकाळी खरा होता. हैदराबादकडच्या कुण्या जुन्या नवाबाच्या संग्रहात तो भुसा भरून ठेवलेला होता, तो संग्रह मोडला, आणि सरांनी कुठे कुठे खेटे घालून, कागदपत्रं जमवून त्याला इकडे आणला. अंग गर्द तपकिरी, मखमली. मागच्या पायांवर आडवे पांढरे पट्टे. तोंड जिराफाचं, कारण तो जिराफाचाच भाऊबंद. कान तर असे की बघणाऱ्याला आपलेच कान लहान वाटावेत.

लोक त्याला बघून काय काय बोलतात ते विचारू नका. एक बाई मला म्हणाली, मागचे पाय कुणी रंगवले, ब्रश चांगला चालवलाय. एकाने हे गाढवाचं आणि झेब्र्याचं आहे का असं इतक्या खाजगी आवाजात विचारलं की जणू तो माझ्या नात्यातला होता. मी चिडते. माझा आवाज हायवेच्या पलीकडे जातो. हात लावू नये, टेकू नये, खाऊ नये, पिऊ नये, या सगळ्या पाट्या मीच लिहिलेल्या आहेत, आणि दालनात चॉकलेटचा कागद वाजला तरी मी बाहेरून धावत येते. खाण्याचा कण पडला की किडा येतो, किडा आला की ओकापी संपला. दुसरा मिळणार नाही.

आता अण्णांकडे येते. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी सगळी हयात बैलांसोबत काढली. यंदा उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, धाकट्या भावाने ट्रॅक्टर आणला आणि बैलजोडी परतूरकडच्या नात्यातल्या एका चांगल्या माणसाकडे गेली. कुणी कुणावर अन्याय केला नव्हता. सगळं विचारून, ठरवून, चहा पिऊन झालं होतं. पण त्या दिवसापासून अण्णा अर्धी भाकरी खायचे आणि उठायचे. गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असायचा आणि अण्णा त्याच्याकडे पाठ करून बसायचे. डॉक्टरांनी साखर उतरवायच्या गोळ्या दिल्या होत्या आणि वेळेवर पोटभर जेवा म्हणून बजावलं होतं. गोळी ते वेळेवर घ्यायचे.

माझ्या नोकरीबद्दल त्यांचं मत त्यांनी कधी सांगितलं नाही, पण पाहुण्यांनी विचारलं, पोरगी काय करती, की ते म्हणायचे, हायवेला असती. बस, एवढंच. टोलनाक्यावर असेन असं कित्येकांना वाटत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आईने मला सकाळी बाजूला घेतलं. म्हणाली, आज खांदेमळणी, हा माणूस दिवसभर रिकामे खुंटे बघत बसंल, तू घेऊन जा ह्यांला तुझ्यासोबत. खांदेमळणीला बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं त्याची ही माफी असते म्हणा. अण्णा हे आवतण कधी घाईत द्यायचे नाहीत. आधी पाय धुवायचे, टोपी काढायचे.

तर मी त्यांना स्कुटीवर मागे बसवलं. अण्णा माझ्या स्कुटीवर पहिल्यांदाच बसत होते आणि वाटभर त्यांनी मला बैलगाडीच्या सूचना दिल्या. उतारावर ढिली सोड, चढाला दम दे, समोरून ट्रक आला की बुजू देऊ नको. मी हो हो म्हणत होते आणि हेल्मेटच्या आत हसत होते.

संग्रहालयात ते गोरिलाच्या पुढून सरळ निघून गेले. ड्रिलच्या रंगीत बाजूकडे बघून माझ्याकडे बघितलं आणि पुढे झाले. बाँगोची शिंगं चांगली आहेत म्हणाले. आणि ओकापीपुढे आले ते थांबलेच. त्याच्याभोवती बांधलेल्या दोरीला हात न लावता पुढून बघितलं, मग मागे गेले, मग बाजूने. गुडघ्यामुळे बसता येईना म्हणून कमरेत वाकून त्याचे पाय बघितले. मी कौतुकाने उभी होते. बाजारात बैल पारखताना अण्णांना बघायला लोक थांबायचे असं ऐकलं होतं, पण मुलींना कोण बाजारात नेतंय, मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"खूर दोन फाकीचं हाय," अण्णा म्हणाले. "रवंथ करतं का हे?"

झालं. मला कुणी विचारायचाच अवकाश असतो. मी त्यांना ओकापीच्या पोटाचे चार कप्पे सांगितले, पाला कसा ओरबाडतो ते सांगितलं, त्याची जीभ इतकी लांब असते की स्वतःचा कान चाटता येतो हेही सांगितलं. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, हे हितं एकटंच आल्तं का? मी म्हटलं, हो, एकटाच आला. ह्याचं कुणी न्हाई? मी म्हटलं, या देशात तरी नाही अण्णा.  मग अण्णांनी टोपी काढली, हात जोडले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मला इतकं हसू आलं की मी खवल्या मांजराच्या मागे जाऊन तोंड दाबून हसले. अण्णा किती दिवसांनी गंमत करत होते! परत येताना ते स्कुटीवर काहीतरी गुणगुणत होते, आणि रात्री अख्खी भाकरी खाल्ली, वर भात मागितला. मी आईला स्वयंपाकघरात गाठून सगळी हकिकत सांगितली. आईही पदर तोंडाला लावून हसली, भावालाही हसू आवरेना. मग आईचं हसू एकदम थांबलं.

"आवतन दिलं?" ती म्हणाली. "टोपी काढून?"

"हो."

"मंग उद्या त्याला जेवू घालावं लागंल."

मी म्हटलं, आई, काहीतरीच काय. आई माझ्याशी वाद घालत बसली नाही. ती डाळ निवडायला बसली, आणि नेहमीपेक्षा एक वाटी जास्त घेतली.

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे आधी बैल जेवतात, मग घरधनी, मग बाकीचे. अण्णांनी अंघोळ केली, नवं धोतर नेसलं, सवयीने साखरेची गोळी घेतली आणि ओट्यावर जाऊन बसले. आईने मातीचे बैल पाटावर मांडले होते, त्यांची पूजा झाली, पुरणपोळीचा नैवेद्य झाला. आईने अण्णांचं ताट वाढलं. अण्णा म्हणाले, माझा पाव्हणा कुठाय?

भावाने आपल्या परीने तोड काढायचा प्रयत्न केला. त्याने सकाळीच ट्रॅक्टर धुऊन त्याला गोंडे बांधले होते, पुढे फुगेसुद्धा लावले होते. म्हणाला, अण्णा, आजकाल सगळेच ट्रॅक्टरची पूजा करून राह्यले, आपण बी ह्यालाच नैवेद्य दाखवू, बराबर होईल.

"ट्रॅक्टर रवंथ करत न्हाई," अण्णा म्हणाले.

 आई समजावून दमली. मी सांगितलं की ओकापी मेलेला आहे, माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी मेलेला आहे. अण्णा म्हणाले, ते मला दिसलं, पण आवतन मी काल दिलं. आणि पाहुण्याच्या आधी आपण जेवायचं ही रीत त्यांच्या बापाने शिकवली नव्हती. हे सगळं ते अजिबात न चिडता बोलत होते. मला त्याचीच भीती वाटली. कारण गोळी पोटात गेली होती आणि घड्याळ पुढे चाललं होतं. एकदा असंच जेवायला उशीर झाल्यावर त्यांची साखर उतरली आणि घाम फुटून ते शेतातच खाली बसले होते, ते मी विसरले नव्हते. मी भावाला म्हटलं, ट्रॅक्टर काढ, जल्दी.

आता जी वरात निघाली ती वडीगोद्रीने बघितली. पुढे फुगे लावलेला ट्रॅक्टर, त्यावर भाऊ, बाजूच्या मडगार्डवर अण्णा मांडीवर झाकलेलं ताट घेऊन, आणि मागे ट्रॉलीत आई आणि मी, आईच्या हातात आरतीचं तबक. चौकात चारजणांनी विचारलं, कुठं चाललात? अण्णा प्रत्येकाला थांबून सांगायला लागले की पाव्हण्याला जेवू घालायला. भाऊ ट्रॅक्टर रेटत होता. मला रडू यायला हवं होतं, पण ट्रॉलीत आदळत असताना आईकडे बघितलं आणि आम्ही दोघी अशा काही हसायला लागलो की आईच्या तबकातलं कुंकू माझ्या साडीवर सांडलं.

दारातच सर उभे. मी खाली उतरले आणि एका दमात सगळं सांगितलं. सर म्हणाले, पाट्या कुणी लिहिल्यात? मी म्हटलं, मी. सर म्हणाले, आत खायचं नेलं तर काय होतं? मी म्हटलं, किडा लागतो. सर म्हणाले, मग?  मला त्यांचा रागही येत नव्हता, कारण ते माझंच म्हणणं मला ऐकवत होते. मग सर अण्णांकडे वळले आणि फार गंभीर चेहरा करून म्हणाले, "आवतण तुम्ही दिलं? माझ्या घरी येऊन, माझ्याकडे राहणाऱ्याला?"

अण्णा चपापले. चूक त्यांच्या बराबर ध्यानात आली. ज्याच्या दारी पाहुणा उतरलाय त्याला सोडून नुसत्या पाहुण्याला बोलावणं हे कुठल्या रीतीत बसतं? त्यांनी ताट भावाच्या हातात दिलं, सरांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं. तुम्ही बी या जेवायला." सरांना हेच हवं होतं की काय कोण जाणे, त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी अटी घातल्या. दिवा लावायचा नाही. हळद-कुंकू जनावराला लागता कामा नये. ताटावरचं झाकण दालनात निघणार नाही आणि दोरीच्या आत कुणी जाणार नाही.

तर आईने मोबाईलची बॅटरी लावून तबकात ठेवली आणि ओकापीला त्यानेच ओवाळलं. कुंकू तिने बाहेरच्या माहितीच्या फलकावर ओकापीचा फोटो आहे त्याच्या कपाळाला लावलं. अण्णांनी बैलाचं बाशिंग आणलं होतं, ते दोरीच्या खांबाला बांधलं. बाथरूमकडून परत येणारे दोन ट्रक ड्रायव्हर थांबले आणि त्यांनी मुकाट्याने चपला काढल्या. धुक्याचं मशीन चालू होतं, टेपमधले पक्षी ओरडत होते, आणि त्या धुक्यात माझे वडील एका आफ्रिकन जनावराला नमस्कार करत होते. मला वाटलं, झालं, सुटलो.

पण अण्णा तिथून हलेनात. ताट दाखवणं वेगळं आणि जेवू घालणं वेगळं, हे मला तेव्हा उमगलं. बैलाला नैवेद्य दाखवत नाहीत, त्याच्या तोंडात घास देतात. अण्णा ताट घेऊन उभे होते आणि ओकापी काचेच्या डोळ्यांनी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. मी हळूच म्हटलं, अण्णा, त्याला गोड चालत नाही.

"मला बी चालत न्हाई," अण्णा म्हणाले.

सर हसले, आई हसली. मी हसले नाही, कारण अण्णांच्या कपाळावर शेतातल्या त्या दिवसासारखा घाम आला होता.  मी म्हटलं, अण्णा, पाया पडते, चला बाहेर, दोन घास खा. ते म्हणाले, ह्याच्या तोंडात घास जाऊ दे. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ह्याचं कोण करतं सगळं?"

"म्हणजे?"

"पुसतं कोण? बघतं कोण?"

मी घाईघाईने सांगायला लागले, त्यांनी लवकर बाहेर यावं म्हणून. म्हटलं, मीच करते. सकाळी आल्या आल्या मऊ ब्रश फिरवते, केसांच्या दिशेने, उलटा नाही. कानात धूळ बसते ती काढते. पोटाखाली बॅटरी मारून किडा बघते. खुरांच्या फटीत बघते, तिथे आधी लागतो. दुपारचं ऊन खिडकीतून येतं म्हणून पडदे ओढते. पावसाळ्यात कातडं ओल धरतं, तेव्हा सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन जाते. बोलता बोलता माझा आवाज खाली आला, का ते कळलं नाही.

"रोज?"

"रोज अण्णा."

ते वळले आणि दारातून बाहेर व्हरांड्यात आले. आम्ही सगळे मागोमाग. त्यांनी झाकण काढलं, पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला. भाऊ पाणी घेऊन पुढे झाला. अण्णांनी तो घास माझ्या तोंडापुढे धरला.

आमच्या घरात पोळ्याला माझं जेवण कायम शेवटच्या पंगतीला. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. म्हणून मला आधी समजलंच नाही की हा घास कुणाचा आहे. मी मागे सरकले. म्हटलं, अण्णा, आधी तुम्ही.

"खा," ते म्हणाले. "त्याचं करणारी तू. तुझ्या तोंडातून त्याला पोचतंय."

मी तोंड उघडलं. तो घास बैलाला देतात तसा मोठा होता, मला नीट चावताही येईना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. अण्णांनी माझ्या पाठीवर, मानेच्या खाली, खांद्यांच्या मधोमध हात फिरवला. असा हात ते फक्त गोठ्यात फिरवायचे. मग आईकडे बघून म्हणाले, "आपला गोठा मोडला न्हाई बरं का. पोरगी सांभाळून राह्यली."

आणि त्याच ताटातला पुढचा घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.